ग्रहणातला नारळ

प्रिय वहिनी,

काल दिवेआगरहून नारळ आला. तुझ्या सुमीचं लग्न ठरलं. तू सांगून गेलीस तसंच केलं, लांब दिलं, खाडीपलीकडे. ही बातमी तुला दुसरं कोणी कळवणार नाही. दादाला लिहिता येत नाही आणि सुमीला सध्या सवड नाही. म्हणून मी बसलो.

शास्त्राचा मास्तर मेलेल्या माणसाला पत्र लिहितो, हे वर्गात कळलं तर पोरं माझ्या पाठीमागे हसतील. हसू देत. हे तुझ्यापर्यंत पोचेल असं मला वाटत नाही. पण तुझ्याशी थोडं भांडायचं आहे, आणि मनातल्या मनात भांडलं की मुद्दे निसटतात. कागदावर बरं पडतं.

शेवटच्या तापात तू मला बोलावून घेतलंस. मी अलिबागेहून सायकल हाणत नागावला आलो. तुझ्या अंगावर घोंगडी होती आणि तरी तू थरथरत होतीस. मला जवळ बसवून म्हणालीस, "भावजी, सुमीला तुमच्या ताईंच्यात देऊ नका. लांब द्या." मी म्हटलं, आधी बरी हो, लग्नाचं मग बघू. तू म्हणालीस, "बरी झाले तर मी बघंन. न्हाय झाले तर तुमी." आणि कूस बदललीस. कारण काय, ते मी विचारलं नाही. ते कारण मीच तुला शिकवलं होतं, तेही वालाच्या दाण्यांवर.

वहिनी, तू आमच्या मामाची मुलगी. आपल्यात भाच्याचा मामाच्या मुलीवर पहिला हक्क, म्हणून रेवदंड्याच्या ज्या घरातून आमची आई आली त्याच घरातून तूही आलीस. दादाची बायको झालीस आणि स्वतःच्या आत्याची सून. त्याआधी मी सुट्टीत मामाकडे आलो की तू मला "ए बाळ्या" म्हणायचीस आणि माझ्या वाटणीचे आवळे खाऊन टाकायचीस. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी एकदम "भावजी, तुमी." मला ते शेवटपर्यंत अंगवळणी पडलं नाही. तुला पडलं होतं का?

गोपू झाला तेव्हा आईने आळीत घरोघर गूळखोबरं वाटलं. गोरा, गुटगुटीत पोर. काही महिने सगळे खूश होते. मग तो मान धरेना. बसेना. दोन वर्षांचा झाला तरी भिंतीला टेकवून ठेवावा लागे, आणि हाक मारली तर नजर भलतीकडे. वैद्य झाला, अंगारा झाला, देवाला कौल लावून झाला. अशात सुमी तुझ्या पोटात होती. तेव्हा आळीतल्या कोणीतरी आठवण काढली की रेवदंड्याच्या घरात मामांचा धाकटा भाऊ असाच होता, लहानपणीच गेला. रक्तातच आहे, असं लोक बोलू लागले. खरं तर आई त्याच घरची. पण सासूचं रक्त कोणी काढत नाही. सगळे तुझ्याकडे बघू लागले.

आणि एक दिवस तू आईपुढे कबूल केलंस. गोपू पोटात असताना सूर्यग्रहण पडलं होतं. घरच्यांनी तुला माजघरात बसवलं होतं, काही चिरायचं नाही, फोडायचं नाही, खायचं नाही. "मला वलं खोबरं खावासं वाटलं. ऱ्हावलं न्हाय. मागल्या दारी दगडावर नारळ फोडला नि खाल्ला." असं तू सांगितलंस.

आईने कपाळ बडवून घेतलं. बायकांना लगेच पटलं. नारळ म्हणजे डोकंच की. ग्रहणात पोटुशीने नारळ फोडला, पोराच्या डोक्यावर घाव बसला. रक्ताची गोष्ट त्या दिवसापासून आमच्यासमोर कोणी काढली नाही. तुला मात्र खादाड हे नाव पडलं, आणि आईने तुला नारळ फोडायची बंदी केली. नारळाच्या वाडीत राहून, रोजच्या कालवणाचा नारळ फोडायला दुसऱ्याला हाक मारणारी बाई आख्ख्या नागावात तू एकटीच असशील.

मी तेव्हा मुंबईला कॉलेजात होतो. रेवसला बोटीतून उतरून घरी पोचेपर्यंत ही गोष्ट मला दोघातिघांनी सांगितली. मी भडकलो. आईला दिवा आणि दोन लिंबं घेऊन ग्रहण कसं लागतं ते दाखवलं. चंद्र मधे येतो, सावली पडते, संपलं. आई म्हणाली, "येईना का मधी. हिनं नारळ कशाला फोडायचा?" यावर कॉलेजात काही शिकवलं नव्हतं.

मला तुझी कीव येत होती. वाटायचं, एवढीशी पोर, एका नारळापायी जन्मभर मान खाली घालून वावरणार. तुझ्या डोक्यातलं हे खूळ काढायचंच, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. पुढचं ऐकताना हे लक्षात ठेव.

पुढे अलिबागेच्या हायस्कुलात लागलो आणि मुंबईला ट्रेनिंगला जाऊन बुद्धी मोजायचं नवं शास्त्र शिकून आलो. प्रश्नांचा एक संच असतो. पोराचं वय किती आणि त्याचं डोकं किती वयाचं, हे त्यावरून काढतात. मला फार भारी वाटलं होतं ते. आल्या आल्या गोपूला ओटीवर बसवलं. तो दहाएक वर्षांचा असेल. नाक दाखव म्हटल्यावर त्याने नाक दाखवलं, माझं. दोन रेघांतली मोठी कुठली, विचारलं तर पेन्सिल घेऊन चाटली. मी हिशेब करून सांगितलं की याची बुद्धी तीन वर्षांच्या मुलाइतकी आहे.

तू दारात उभी राहून ऐकत होतीस. म्हणालीस, "तीन वर्साचं पोर किती शानं असतं, बघितलंय का तुमी?" मग म्हणालीस, "आता मला इचारा."

मी विचारलं, चुकून दुसऱ्याची वस्तू मोडली तर काय कराल?

"कोनाची, ते आदी सांगा."

हे उत्तर छापील उत्तरांत नव्हतं. गाडी चुकली तर काय कराल? तू म्हणालीस, "बैलगाडी असंल तर वरडंन. थांबंल." तेही नव्हतं. मी तुला गुण दिले नाहीत. आता एवढी वर्षं मास्तरकी केल्यावर वाटतं, पहिल्या उत्तराला द्यायला हवे होते.

गोपू तोपर्यंत नारळ फोडायला शिकला होता. तुला बंदी होती, म्हणून तू त्याला शिकवलंस. किती महिने लागले ते तुलाच माहीत. हातात हात धरून, दगडावर एकाच जागी, पुन्हा पुन्हा. माझ्या संचात नारळाचा प्रश्न नव्हता, नाहीतर तो त्यात पास झाला असता. फोडला की दोन भकलांतलं एक तुझ्या हातात द्यायचा आणि "घे" म्हणायचा. त्याला येणारे शब्द बोटांवर मोजता येत, त्यातला हा एक.

मग वालाचा दिवस. तू मागल्या पडवीत बिरडं सोलत बसली होतीस. मी त्या वर्षी आनुवंशिकतेवरची नवी पुस्तकं वाचून आलो होतो आणि तुझं खूळ काढायची संधी शोधत होतो. म्हटलं, वहिनी, ग्रहणाने काही होत नाही, खरं कारण दाखवतो. डब्यातले कोरडे वाल घेतले, काळपट वेगळे, पांढरे वेगळे. प्रत्येक माणसात प्रत्येक गोष्टीचे दोन दाणे असतात, असं समज. एक आईकडून, एक बापाकडून. काळा चांगला, पांढरा बिघडलेला. एक काळा असला की पांढरा झाकला जातो, माणूस धडधाकट दिसतो. दादाकडे एक काळा, एक पांढरा. तुझ्याकडेही तसंच. मूल दोघांकडून एकेक दाणा उचलतं, डोळे मिटून.

तुला डोळे मिटायला लावले आणि माझ्या दोन्ही मुठींतून, एक दादाची, एक तुझी, एकेक उचलायला सांगितलं. काळा आणि पांढरा आला. पुन्हा उचलायला लावलं, दोन्ही काळे. आणखी उचलत राहिलीस आणि एकदा दोन्ही पांढरे आले. मी म्हटलं, हा गोपू. यात तुझी चूक नाही, नारळाची नाही, सूर्याची तर मुळीच नाही.

तू ते दोन दाणे तळहातावर घेऊन बघत बसलीस. मला वाटलं, आता तुझे डोळे भरून येतील, सुटल्यासारखं वाटेल. तू विचारलंस, "मंग यांच्यात बी पांढरा हाय?"

हो. दोघांकडे असल्याशिवाय दोन पांढरे येणार कुठून?

"आन् आत्याबाईंच्यात?"

असणार. तुझ्या वडिलांकडेही. एकाच घरातला आहे तो.

"ताईंच्यात?"

असेल, नसेल. बघून सांगता येत नाही.

मग तू म्हणालीस, "आन् आमची सुमी येवढी शानी, तिच्या शानपनाचा कुठला दाना?" मी सांगितलं की शहाणपणाला एक दाणा नसतो. पुष्कळ असावेत, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा, म्हणून हुशारी माणसागणिक कमीजास्त असते, उंचीसारखी. शिवाय खाणंपिणं, शिकवणं, सगळंच त्यात येतं. गोपूचं तसं नाही, त्याचं एकाच जागी अडलंय. तू म्हणालीस, "म्हंजे रहाटाचे लोटे कमीजास्त भरत्यात ते येगळं, आन् रहाटाची खीळच न्हाय ते येगळं." मी हे वर्गात अजून वापरतो. कोणाचं ते सांगत नाही.

"मंग डोक्यात नेमकं काय अडलंय त्याच्या?"

ते अजून कोणालाच ठाऊक नाही, मी म्हटलं.

"मंग तुमी परीक्षा कशाची घेतलीत?"

त्यावर मी काहीतरी लांबलचक बोललो असेन. आठवत नाही. पुढचा प्रश्न मात्र आठवतो. "अशा मानसांचं काय करायचं म्हनत्यात त्या पुस्तकांत?" पुस्तकांत बरंच काही होतं. अशांना वेगळं काढावं, त्यांची लग्नं होऊ देऊ नयेत, त्यांच्या घरच्यांचीही तपासून करावीत, असं मोठमोठे लोक परदेशात लिहीत होते, आणि मला ते वाचताना त्यात फारसं काही खटकलं नव्हतं. तुझ्यासमोर ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, ते तिकडचं आहे, आपल्याला काय करायचंय.

तू उठून विहिरीकडे गेलीस. विहिरीमागे एक माड होता, तू लावलेला. दादा दरवर्षी वाफ्यातली कमजोर रोपं उपटून टाकायचा, त्यातलंच एक तू उचलून तिथे रोवलं होतंस. तो माड अजून उभा आहे. नारळ देतो, थोडे आणि लहान. त्यावरून मी काही सिद्ध करत नाही. माड आहे एवढंच सांगतो.

परत आलीस तेव्हा म्हणालीस, "भावजी, यांना सांगू नका. कोनालाच सांगू नका. गिराणाचंच ऱ्हाऊ दे."

मला राग आला. म्हटलं, अगं, तुझ्यावरचा ठपका पुसायला मी एवढं केलं! तू म्हणालीस, "गिराण माज्या येकटीचं हाय. दाने समद्यांचे हायत." आणि ते वाल डब्यात परत टाकलेस. तेव्हा मी एवढंच समजलो की नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून ही पोर ओझं वाहते आहे. अर्धवट समजलो.

तू गेलीस. दिवसकार्य झालं, आणि महिन्याभरात ताई चौलहून आली. आमची सख्खी बहीण, सुमीची आत्या. भावाच्या मुलीवर तिचा हक्क, दत्तूसाठी सुमी हवी. आमची आई तुझ्याआधीच गेलेली, घरात बाई नाही, गोपूला बघायला कोणी नाही, पोर आपल्याच माणसांत पडलेली बरी. बोलली त्यात काही खोटं नव्हतं. दत्तूही चांगला मुलगा आहे. दादाने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, वहिनीची शेवटची इच्छा होती, लांब द्यायचं.

"माज्या घरात तिला काय कमी दिसलं?" ताईने विचारलं.

काय सांगणार? तुझ्यातही कदाचित एक पांढरा दाणा आहे ताई, आणि सुमीतही असेल, आणि दोन्ही एकत्र यायला नकोत? भीती मोठी नव्हती, हे मला माहीत होतं. दोघांकडे असेल की नाही हेच ठाऊक नाही, असला तरी प्रत्येक मूल तसं होत नाही. पण तू मागितलं होतंस. मी म्हटलं, कमी काही नाही ताई, तिने सांगितलं एवढंच. ताई उठली. ओटीवरून उतरताना दादाला म्हणाली, "आमी घरचे म्हनून पदरात घेत व्हतो. आता दाखव गोपूला भायेरच्यांना, मंग बघू कोन येतंय."

ती अजून बोलत नाही. काल नारळ आला तेव्हा आळीतल्या सगळ्या बायका होत्या, सख्खी आत्या नव्हती. याचं काय करायचं ते तू सांगून गेली नाहीस. हे माझं पहिलं भांडण.

ताईचं बोलणं खोटं नव्हतं. सुमीला बघायला दोन घरं आली. गोपूला बघून चहा पिऊन गेली, निरोप पाठवला नाही. तिसरे दिवेआगरचे येणार म्हटल्यावर मी दादाला सुचवलं, त्या दिवशी गोपूला माझ्याकडे अलिबागेला ठेवू. सुमी पाण्याची कळशी घेऊन आत येत होती. तिने ऐकलं. म्हणाली, "काका, गोपूदादा ओटीवरच बसंल. आज लपवला तर मंग तिकडं गेल्यावर रोज लपवावा लागंल." तुझी मुलगी आहे, यात शंका नको.

दिवेआगरचे आले ते मुलाचा बाप, रावजी, आणि मुलाची आजी. त्यांची सुपारीची वाडी आहे, माणसं साधी. गोपू खांबाला टेकून सुंभ वळत होता. रावजी बसले तसा तो उठला, त्यांच्या डोक्यावरची काळी टोपी काढली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. दादाचा चेहरा उतरला. आजीला मात्र हसू फुटलं. रावजी म्हणाले, "तुला शोभते रं. असू दे." सुमी पोहे घेऊन आली, आजीने तिला विचारलं, वाचता येतं का, तिने हो म्हटलं, सातवी झाली आहे म्हटलं. सगळं नीट चाललं होतं.

निघताना रावजी माझ्याकडे वळले. टोपी परत मिळाली होती, ती हातात फिरवत होते. "मास्तर, येक इचारतो. राग मानू नका. लोक म्हनत्यात, या पोराची आई गिराणात नारळ फोडून बसली. दुसरे म्हनत्यात, रगतातच हाय. तुमी शास्तर शिकवता. गिराणानं खरंच व्हतं का असं?"

वहिनी, सुमी दाराआड होती, तिची बांगडी वाजली ती मी ऐकली. दादा जमिनीकडे बघत होता. मी आजवर शेकडो पोरांना सांगितलं आहे की ग्रहण म्हणजे सावली, सावलीने काही होत नाही. पेपरात ग्रहणाचे परिणाम लिहिणाऱ्या एका पोराला मी शून्य दिलं होतं. आणि खरं सांगायचं तर खरं सांगण्यानेही काही बिघडत नव्हतं. सुमीत तो दाणा असला तरी दिवेआगरच्या घराचा आणि आपल्या घराचा सात पिढ्यांत संबंध नाही, तिथे त्याचा जोडीदार मिळायचा नाही. मी हे वालावर दाखवू शकलो असतो. पण रावजींनी त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं असतं, रक्तात आहे. पुढचं ऐकायला ते थांबले नसते, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही थांबलो नसतो.

मी म्हटलं, "होतं."

रावजींनी मान हलवली. "माजी आई बी तेच म्हनते," म्हणाले, आणि म्हातारीचा हात धरून गाडीकडे गेले. आठवड्याने होकार आला.

हे सगळं त्या दिवशी इथेच संपलं असतं. पाहुण्यांची गाडी वळली, सुमी भांडी घेऊन आत गेली, मी आणि दादा ओटीवर राहिलो. दादा सुंभाचं वेटोळं करत म्हणाला, "बाळ, आज तू खोटं बोल्लास."

मला वाटलं, याला दाण्यांचं कळलं. कोणी सांगितलं असेल?

"तिनं नारळ फोडलाच न्हवता," दादा म्हणाला. "गिराण सुटंस्तोवर माजघरात बसून व्हती. मी दारातच व्हतो. पानी बी प्याली न्हाय."

मला कळायला वेळ लागला. मग विचारलं, "तेव्हा का नाही बोललास?"

"आईम्होरं ती सांगाय लागली, तवा मी तोंड उघडलं. तिनं माज्याकडं बघितलं. मंग मिटलं."

"आणि नंतर? इतकी वर्षं?"

"सुमी पोटात व्हती. रगतात हाय म्हनल्यावर पोरीला कोन घेनार व्हतं? तिनं येवढं उभं केलेलं, ते मी कशाला पाडू?" असं म्हणून तो वेटोळं खुंटीला अडकवायला उठला. दादा एका वेळी याहून जास्त बोललेला मला आठवत नाही.

मला फार वाईट वाटलं, वहिनी. आणि लाजही वाटली, आणि थोडं हसूही आलं. तू मला वाल निवडू दिलेस. जी चूक तू कधी केलीच नव्हतीस, तिच्यातून तुला सोडवायला मी शास्त्र घेऊन आलो होतो, आणि तू समोर बसून सगळं ऐकून घेतलंस. तुला हसू कसं आवरलं? ही तुझी अंधश्रद्धा आहे असं मी तुझ्या तोंडावर म्हणालो होतो, तेव्हा तरी सांगायचंस की "बाळ्या, गप." हे माझं दुसरं भांडण, आणि मोठं आहे.

तू मला नुसतं ऐकून घेतलं नाहीस, हे आता दिसतं. तोपर्यंत रक्त म्हणजे लोकांच्या जिभेवरची एक शिवी होती. त्या दिवशी मी तुला ते दोन दाण्यांत दाखवलं, आणि सुमीला ताईकडे द्यायचं नाही हे तू तिथेच, बिरडं सोलता सोलता ठरवलंस. लोकांपासून वाचवायला ग्रहण, आणि आपल्या माणसांपासून वाचवायला वाल. मला आणि दादाला एकमेकांपासून लपवायला लावलंस, आणि आम्ही दोघांनी मुकाट लपवलं. त्याला पांढऱ्या दाण्याचं मी अजूनही सांगितलेलं नाही. तू नको म्हणाली होतीस.

कालचा नारळ देवापुढे ठेवून मग फोडायचा होता. गोपूने फोडला. एक भकल हातात घेऊन तो मागल्या पडवीत गेला आणि तिथे उभा राहिला. तुझी जागा रिकामी. बराच वेळ "घे" म्हणत होता. शेवटी सुमीने जाऊन घेतलं. मी बाहेर आलो, कारण मला ते बघवेना.

आता कबूल करतो ते ऐक. शाळेत मी ग्रहण शिकवतो तसंच शिकवेन, दिवा आणि दोन लिंबं, सावली आणि दुसरं काही नाही. पण आपल्या ओटीवर बसून कोणी विचारलं तर ग्रहणच सांगेन, जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा. दादा आहे तोवर गोपू दादापाशी, मग माझ्यापाशी, माझ्या बायकोशी बोलणं झालं आहे. सुमीच्या मुलांची लग्नं उद्या घरातल्या घरात ठरू लागली तर आडवा पडेन. आणि सुमी दिवेआगरला जायच्या आधी तिला मागल्या पडवीत बसवून वालाचे दाणे दाखवणार आहे, काळे आणि पांढरे, सगळे. तेवढं तुझं मी मोडतो आहे. तिला ठाऊक असायला हवं.

तू नारळ फोडला नव्हतास, हे आज दोघांना माहीत आहे. सुमीला सांगेन, ती तिसरी. चौथ्याला मी सांगणार नाही.

तुझा,
बाळ्या